दाजी, मला दिसलं होतं

दाजी, तुम्ही गेल्याचा निरोप पाहुण्यारावळ्यांना कळवायचं काम माझ्याकडं आलं. ते मी वेळेवर केलं, पण घोटाळा घालून केलं. आपल्याकडं लग्नाची पत्रिका असो की बारशाचं आमंत्रण, मजकूर मीच लिहितो, कारण अशोकला लिहिता येतं असा सगळ्यांचा समज आहे. साताऱ्यात तुमच्याच ओट्यावर बसून नव्यानं काही लिहायचं बळ अंगात नव्हतं. म्हणून धाकट्या काकांच्या वास्तुशांतीचा जुना मेसेज उघडला. वरचा मजकूर बदलला, तुमचं नाव घातलं, 'आज सकाळी दुःखद निधन झाले' असं लिहिलं, संगम माहुलीचा घाट घातला, वेळ घातली आणि दिला पाठवून. खालच्या दोन ओळी तशाच राहिल्या. 'कृपया आहेर आणू नये. जेवल्याशिवाय कोणीही जाऊ नये.'

पहिला फोन कोरेगावच्या मावशीचा.

"आरं आशोक, लय वाईट झालं रं. पण खाली जेवायचं काय लिवलंयस बाबा?"

घाईघाईनं मेसेज पुसायला गेलो, तर 'सगळ्यांसाठी' दाबायच्या ऐवजी 'माझ्यासाठी' दाबलं. म्हणजे तो मेसेज आता सगळ्यांकडं आहे, फक्त माझ्याकडं नाही. आक्का एवढ्या रडण्यातही डोळ्याला पदर लावून म्हणाली, "हे असते तर तुझी कसुरी काढली असती." आणि मग जास्तच रडली.

खरंच काढली असती. तुमच्या खात्यात शिपायाची टोपी वाकडी असली, हजेरीला उशीर झाला, तक्रार घ्यायला टाळाटाळ केली, की साहेब त्याची चूक कागदावर घेतात, तिला कसुरी म्हणतात, हे आम्हा सगळ्या घराला तुमच्यामुळं पाठ. नोकरीची शेवटची सहा वर्षं तुम्ही सांगलीला होता आणि तिथं तुमच्याकडं कामच ते होतं. पोलिसांविरुद्ध आलेल्या तक्रारींची पोलिसांनीच करायची चौकशी. खात्यातली पोरं तुम्हाला माघारी 'कसुरीसाहेब' म्हणत. ते तुम्हाला माहीत होतं. तुम्हीच मला सांगितलं होतंत, आणि सांगताना थोडे खूशही दिसला होतात.

मला अजून रडू आलेलं नाही. कराडला येऊन दुकान उघडलं, चार गिऱ्हाइकं केली. एकाच्या चष्म्यात डाव्याची काच उजव्याला बसवली. त्यानं घातला, चक्कर आली म्हणाला, मी परत काढून बदलून दिली. डोळे तपासायचे थेंब घातल्यावर दोन-तीन तास जसं असतं ना, उजेड भरपूर आणि नीट काहीच नाही, तसं चाललंय. दुकानात तुमच्या नावाचं पाकीट आहे. जवळचा नंबर वाढला होता तुमचा. काच येऊन पडलीय.

आता मी तुमच्याविषयी सांगायला बसलो की मला भीती वाटते. कारण तुम्ही आहात असं समजून सांगायची सवय आहे. लग्नाच्या मांडवात माझ्याभोवती माणसं जमली आणि मी गोष्ट सुरू केली, की तुम्ही मागं कुठंतरी उभे असायचा आणि मी जरा जास्तच वाढवायला लागलो की हाताची बोटं मिटून खाली आणायचा. म्हणजे, कमी कर. मी कमी करायचो. नंतर मला म्हणायचा, "एक म्हैस होती तिथं तू तीन बांधल्यास. दोन सोडून दे."

चहाची गोष्ट मात्र वाढवायला लागत नव्हती. चौकशीला गेलात की त्या ठाण्यात तुम्ही चहा घ्यायचा नाहीत. तक्रार करणाऱ्याकडं नाही, ज्याच्यावर तक्रार त्याच्याकडं नाही, साक्षीदाराकडं तर नाहीच. घरून पाण्याची बाटली आणि डबा. कुठल्याशा ठाण्यात तिथल्या साहेबानं खास तुमच्यासाठी बशीत काजू घालून आणले, तर तुम्ही बशी त्याच्यापुढं सरकवून म्हणालात, "तुम्ही खा. मला तुमचा जबाब घ्यायचाय, तुम्हाला ताकद लागेल." यातला काजू माझा आहे. बिस्किटं असतील. बाकी सगळं तसंच.

मी तुम्हाला एकदा विचारलं होतं, "दाजी, एक कप चहानं काय होतंय? कोण विकत घेणार तुम्हाला पाच रुपयांच्या चहात?"

"मला नाही रे घेत," तुम्ही म्हणालात. "पण बाहेर बाकावर तक्रारदार बसलेला असतो. तो दारातनं बघत असतो. साहेब आत चहा पितोय, हसतोय, ज्यानं मारलं त्याच्याशीच. मग आत आल्यावर तो कशाला खरं सांगेल?"

"आणि आपल्याच माणसांच्या चुका काढत फिरायचं, हे काय काम झालं?"

"चोर पोलिसाला भ्यायला, ते बरोबर आहे. तक्रार द्यायला आलेला माणूस भ्यायला लागला, तर ठाण्याला कुलूप घालून सगळ्यांनी घरी जावं. तेवढ्यासाठीच माझा पगार आहे, अशोक."

यावर मी कायतरी विनोद केला होता. तुम्ही हसला होतात. तुमच्या निरोपसमारंभाला हार घालायला किती कमी माणसं होती, ते मी मोजलं नाही, पण दिसलं. एक वयस्कर हवालदार तेवढे शेवटी आले आणि म्हणाले, "साहेब, माझी दोन वर्षांची वेतनवाढ घालवलीत तुम्ही. पण चुकीची नाही घालवलीत." आणि वाकून नमस्कार करून गेले. आपण गाडीत बसलो. तुम्ही म्हणालात, "हा एक हार पुरे."

हे सगळं मी घाटावरसुद्धा सांगितलं. सावडायच्या दिवशी आपल्याकडं चार माणसं चार शब्द बोलतात. कुणीतरी म्हणालं, अशोकला बोलू द्या, तो चांगलं बोलतो. मी बोललो. काजूसकट. माणसं रडता रडता हसली. जे सांगायला हवं होतं ते सोडून सगळं सांगितलं. समोरच संजू उभा होता, साध्या कपड्यात, हात मागं बांधून, कवायतीला उभं राहावं तसा.

संजूचं काय, ते तुम्हाला सांगायची गरज नाही. पण आजवर मी ते कुणालाच एका दमात सांगितलेलं नाही, तुम्हालाही नाही. म्हणून पहिल्यापासून सांगतो. या वेळी म्हैस एकच.

दोन वर्षांपूर्वीचा गाळपाचा हंगाम. मी सुनंदाच्या माहेरी, इस्लामपूरकडं निघालो होतो. वाटेत एका चौकात संजू बंदोबस्ताला होता. संजू म्हणजे सुनंदाचा धाकटा भाऊ, पोलीस शिपाई. तुम्ही माझे दाजी, तसा मी त्याचा दाजी. त्यानं मला बघितलं, टपरीवर नेलं, टपरीवाल्याला म्हणाला, "हे आमचं दाजी. कराडात चष्म्याचं दुकान हाय. तुझा बी नंबर काढत्याल." आम्ही चहा घेतला. तो आदल्या दिवसापासून घरी गेलेला नव्हता. कुठल्या तरी मोर्चाचा बंदोबस्त, मग सभेचा, मग हा चौक. डोळे लाल. मीच म्हणालो, थेंब देतो, डोळ्यात घालत जा.

तेवढ्यात उसाचा ट्रॅक्टर आला. मागं दोन ट्रॉल्या भरलेल्या, आणि गाणं एवढं मोठं लावलेलं की टपरीची पत्र्याची फळी थरथरत होती. संजूनं रस्त्यात जाऊन हात केला. ड्रायव्हरला गाण्यात शिट्टी ऐकू आली नाही. पुढं जाऊन थांबला. संजूनं त्याला खाली ओढला. तिशीतला पोरगा, गळ्यात टॉवेल. तो कायतरी सांगत होता. संजू म्हणाला, "ऐकाया येत न्हाई व्हय रं तुला?" आणि डाव्या कानावर दिली. एक नाही. तीन. तिसरीला तो खाली बसला, कान धरून, चाकाला टेकून. गाणं चालूच होतं.

मी दहा-बारा फुटांवर होतो. माझ्या हातात ग्लास होता, बिस्किट बुडवलेलं होतं, ते तुटून आत पडलं. ते मी बोटानं काढायला लागलो. हे खरं आहे, दाजी. माणूस रस्त्यावर बसला होता आणि मी बिस्किट काढत होतो.

संजू परत आला. "दाजी, हात गेला वो," म्हणाला. "गेला."

त्या पोराच्या कानाचा पडदा फाटला. नवनाथ त्याचं नाव. त्यानं तुमच्याकडं अर्ज दिला. अर्जात लिहिलं होतं, 'त्यावेळी हवालदाराचे पाहुणे, कराडचे चष्मेवाले, तेथे हजर होते.' गरीब माणूस शिपायालाही हवालदार म्हणतो. तुम्ही तो अर्ज वाचून काय केलंत ते मला आक्काकडनं कळलं. जेवताना ताटावरनं उठलात म्हणे. आणि दुसऱ्या दिवशी वरच्या साहेबांना लेखी दिलंत की यातला साक्षीदार माझा सख्खा मेहुणा आहे, ज्याच्यावर तक्रार तो त्याचा मेहुणा आहे, तरी ही चौकशी दुसऱ्या कुणाकडं द्यावी.

तिकडं इस्लामपूरला मात्र पेढे वाटायचेच बाकी होते. सासूबाई म्हणत होत्या, "चौकशी आपल्या पाव्हण्याकडंच हाय म्हनं. देव पावला." तुम्ही ती सोडून दिल्याचं कळल्यावर त्याच सासूबाई म्हणाल्या, "असला कसला पाव्हणा! पोरगं बुडाया लागलं आन् ह्यो काठावरनं हात झटकून निघाला."

तुमचा मला फोन आला. एवढाच.

"अशोक, तुला जबाबाला बोलावतील. माझ्याशी त्यावर एक शब्द बोलायचा नाही. ते होईपर्यंत मी तुझ्याकडं येणार नाही. भाऊबीजेला आक्काला पाठवतो."

"दाजी, अहो पण..."

"एक शब्द नाही म्हटलं ना."

आणि संजू आला होता दुकानात. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबला. आरशापुढची एक फ्रेम उचलत होता, ठेवत होता. "दाजी, टपरीवाला काय बोलायचा न्हाई, त्याला तिथंच टपरी लावायचीय. तुमी तेवढं न्हाई म्हणा. दोन पोरी हायत माझ्या." मी चहा मागवला. संजू वाईट नाही, दाजी. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा दिवस त्यानं त्यांना उचलून नेलं-आणलं. हे मी त्या वेळी स्वतःला पुनःपुन्हा सांगत होतो. ते खरंच आहे. त्याचा आणि त्या तीन फटक्यांचा काही संबंध नाही, हेही खरंच आहे.

जबाब घ्यायला एक मॅडम होत्या. शांत. आधी नाव, मग वय, मग व्यवसाय.

"चष्म्याचं दुकान?"

"हो."

"किती अंतरावर होता तुम्ही?"

"असेल... दहा-बारा फूट."

"तुमचा स्वतःचा नंबर काय?"

"दूरचा नाही मॅडम. फक्त वाचायचा आहे."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग लिहायला लागल्या. तुमच्या खात्याचं मराठी तुम्हाला माहीत आहेच. 'सदर वेळी मी चहा पीत असल्याने माझे लक्ष नव्हते. आवाज ऐकू आला, परंतु कोणी कोणास मारले हे मी पाहिले नाही. माझा वरील जबाब मला वाचून दाखविला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे.' खाली मी सही केली. सही चांगली आली. गोष्टी सांगताना आयुष्यभर भर घालत आलो. त्या एका कागदावर तेवढं कमी केलं.

पुरावा नाही म्हणून फाईल बंद झाली.

मग तुम्ही आलात. गुढीपाडव्याला. आक्का आत गेली, तुम्ही बाहेरच्या खोलीत बसलात, पिशवीतनं स्वतःची पाण्याची बाटली काढून टीपॉयवर ठेवलीत. सुनंदा चहा घेऊन आली. तुम्ही म्हणालात, "नको सुनंदा. पाणी आहे माझ्याजवळ."

मला कळलं. तिला नाही कळलं. तुम्ही घरात जेवलात, पुरणपोळीवर तूप मागून घेतलंत, संक्रांतीला तिळगूळ घेतलात. चहा नाही. फाईल बंद झाली होती, चौकशी तुमच्याकडं नव्हती, पुढं तुम्ही निवृत्तही झालात, तरी आमच्या घरात तुम्ही चहा घेतला नाहीत. पहिल्यांदा तिनं मला विचारलं, "दाजी रागावलेत का हो? संजूमुळं त्यांना कमीपणा आला म्हणून?" मी म्हणालो, "छे! पित्त झालंय त्यांना. डॉक्टरांनी चहा बंद केलाय."

मग पुढच्या वेळी तिनं कोकम सरबत केलं. त्याच्या पुढच्या वेळी ताक. मग कुणाकडनं तरी विचारून धण्याजिऱ्याचं पाणी. प्रत्येक वेळी तुम्ही तेच, "पाणी आहे माझ्याजवळ." आणि ती बिचारी आत जाऊन विचार करायची की पित्तावर आणखी काय असतं. दोन वर्षं मी तिला तुमच्या पित्तावर औषधं करू दिली.

तुम्ही एकदाही मला विचारलं नाहीत. यावर मला तुमच्याशी भांडायचं होतं, आणि आता तुम्हीच नाही. तुम्ही ती चौकशी सोडायला नको होती, असं मला वाटतं. तुम्ही समोर बसला असता तर मी 'दिसलं नाही' असं म्हणूच शकलो नसतो. तुम्ही नुसती बोटं मिटून खाली आणली असती. तुमच्या नियमानं मला मोकळं सोडलं, आणि मोकळं सोडल्यावर मी काय केलं ते तुम्ही बघितलंत. तुम्ही म्हणाला असता, "साक्षीदार मला भिऊन खरं बोलला तर ते खरं त्याचं नाही." म्हणाला असता का? हे वाक्य तुमचं नाही, मी तुमच्या तोंडी घालतोय. तुम्ही प्रत्यक्षात काय म्हणाला असता ते मला माहीत नाही. या भांडणात तुमची बाजू मलाच मांडावी लागते आणि ती मी वाईट मांडतो.

शेवटचे दुकानात आलात तेव्हा, तुम्ही गेल्यावर आठवावं असं काही घडतंय, असं मला वाटलं नव्हतं. नंबर तपासायच्या खुर्चीत बसलात. मी अक्षरांचा तक्ता लावला, एक डोळा झाकला, म्हणालो, वाचा. तुम्ही वाचलंत. शेवटच्या ओळीला अडखळलात. मग डोळ्यावरची पट्टी तशीच ठेवून, तक्त्याकडंच बघत म्हणालात, "अशोक, आता मी खात्यात नाही. म्हणून सांगायला हरकत नाही. नवा जबाब आला, तर वरचे साहेब बंद फाईल परत मागवू शकतात."

मी म्हणालो, "फ्रेम हीच ठेवायची की नवी बघायची?"

तुम्ही डोळ्यावरची पट्टी काढलीत. "हीच ठेव," म्हणालात. "चांगली आहे अजून."

पंधरा दिवसांनी सकाळी फिरून आलात, ओट्यावर बसून बूट काढायला लागलात, एक काढलात.

घाटावर माझं भाषण झालं, माणसं पाय धुऊन निघाली. कठड्याजवळ एकजण उभा होता. मान एका बाजूला कलती. गळ्यात टॉवेल. मी ओळखलं आणि ओळखलं नाही असं करून चपला शोधायला लागलो. तोच आला.

"राम राम. मी नवनाथ. पेपरात बघितलं, म्हणून आलो. सायबांनी मला खुर्ची दिली हुती."

"हो का," मी म्हणालो.

"माझ्या उजव्या अंगाला येऊन बसलं हुतं, मला नीट ऐकाया यावं म्हणून. सगळं लिवून घेतलं. मग दुसऱ्या दिवशी बोलावून म्हणलं, नवनाथ, ही चौकशी मी करणार न्हाई, साक्षीदार माझ्या घरचा हाय, तुला अंधारात ठेवाया नको. तवा लय राग आलता मला. म्हणलं, झालं, पळालं सायेब." त्यानं गळ्यातला टॉवेल सारखा केला. "तुमी चांगलं बोललासा. अर्धं आलं ऐकाया."

मी सापडलेली एक चप्पल पायात सरकवली.

"तुमीच न्हवं का ते? टपरीवरचं?"

दाजी, तुमची राख अजून पुरती निवालेली नव्हती. मी त्याला काय म्हणालो ऐका. मी म्हणालो, "एसटीनं आलात का?"

"व्हय."

"आणि परत कसे जाणार?"

"एसटीनंच की." तो माझ्याकडं बघत होता. रागानं नाही. ऐकू कमी येणारी माणसं ओठांकडं बघतात तसा, की आता पुढं काय येतंय. काही येत नाही म्हटल्यावर तोच बोलला. "ट्रॅक्टर सोडला मी. मागनं हॉर्न आला तर कळत न्हाई. रानात हाय कामाला. त्येचं काय न्हाई वो. पर गावात म्हणत्यात, नवन्यानं पोलिसावर खोटा आळ घेतला, फाईल बंद झाल्याचा कागद बी आलाय तसा. मला भरपाई नगं, काय नगं. म्या खोटं बोललो न्हवतो एवढं कुनीतरी लिवून द्यावं. सायेब हुतं तवर वाटत हुतं, देत्याल कदी तरी."

मग तो "येतो" म्हणाला आणि गेला. संजू लांब झाडाखाली गाडी काढत होता. त्यानं त्याला बघितलं. दोघांनी एकमेकांना बघितलं. संजूनं मान खाली घातली आणि गाडीची चावी लावत राहिला, ती लागत नव्हती.

तेव्हाही मला रडू आलं नाही. घरी येताना गाडीत सुनंदा म्हणाली, "तो कोण होता, कडेला थांबलेला?" मी म्हणालो, "दाजींच्या ओळखीचा."

तुमच्याकडनं मला बरंच मिळालं, दाजी. दुकान काढताना जागामालकाशी बोलायला तुम्ही आला होता, वर्दी न घालता, मुद्दाम; "वर्दीत आलो तर तो भाडं कमी करेल, आणि ते बरोबर नाही," म्हणाला होतात. मी तेव्हा तुमच्यावर चिडलो होतो. ते भाडं मी अजून भरतो, आणि मालक अजून माझ्याशी नीट बोलतो. पण सगळ्यात मोठं काय दिलंत, तर दोन वर्षं तुम्ही माझ्यावर फाईल बंद केली नाहीत. मी कधीतरी बोलेन, असं तुम्ही धरून चालला होतात. निदान त्या न घेतलेल्या चहाचा मी तरी तसाच अर्थ लावतो. तुम्ही चुकीच्या माणसावर विसंबला असाल. ते तुमच्या पेशाला शोभत नाही.

आणि आता लिहून टाकतो. दाजी, मला दिसलं होतं. संजूनं त्याला डाव्या कानावर तीन वेळा मारलं. त्यानं हात उचलला नव्हता, शिवी दिली नव्हती. माझं लक्ष होतं. उजेड चांगला होता. मला दूरचा नंबर नाही.

हे लिहून मला बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही. थेंबांचा परिणाम उतरायला अजून वेळ असावा.

इथवर लिहिलेले कागद मी आज सकाळी सुनंदाच्या हातात दिले. तोंडानं सांगायची हिंमत नव्हती. मांडवात शंभर माणसांपुढं बोलणारा मी, भाजी निवडत बसलेल्या बायकोपुढं कागद धरून उभा राहिलो. तिनं उभ्यानंच वाचायला सुरुवात केली. मग खुर्ची ओढून बसली. सरबताच्या ठिकाणी थांबली, माझ्याकडं बघितलं, परत वाचायला लागली. संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी वाट बघत होतो की ती भावाचं नाव घेऊन रडेल, किंवा मला बोलेल, आणि बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं कागद जुळवून सरळ केले आणि माझ्यापुढं ठेवले.

"हे दाजींना कशाला लिहीत बसलात? त्यांना सगळं माहीतच होतं की," ती म्हणाली. "ज्या ऑफिसात खोटं लिहून दिलंत तिथं जाऊन हे द्या. एवढं लांबण नको, दोन ओळीत बसतंय ते. आणि तुमच्याआधी संजूला फोन मी करणार. माझा भाऊ आहे, माझ्या तोंडून ऐकू दे."